चार बाय सातची देवडी आणि एकवीस सागवानी फळ्या

आमचे घर नागपूरच्या दक्षिण भागात, मानेवाडा रस्त्यापासून थोडे आत, तळमजल्यावर आहे. मुख्य दार उघडल्यावर थेट बैठकीच्या खोलीत न जाता आधी चार फूट रुंद आणि सात फूट लांब अशा एका चिंचोळ्या जागेतून जावे लागते. घराच्या नकाशात तिला पॅसेज म्हटले आहे, पण सासूबाई तिला देवडी म्हणतात. त्यांचे बालपण नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात गेले आणि दाराच्या आतल्या पहिल्या जागेला दुसरा शब्द असू शकतो, हे त्यांच्या मनाला पटत नाही. आता आम्हीही देवडीच म्हणतो. चपला, छत्र्या, हेल्मेट, दुधाची पिशवी, भाजीची थैली, मुलाचे दप्तर यांपैकी प्रत्येक वस्तू आधी तेथेच टेकते आणि बूट काढताना प्रत्येक माणूस एका हाताने डाव्या भिंतीचा आधार घेतो. त्यामुळे त्या भिंतीवर कमरेच्या उंचीवर हाताचा काळपट पट्टा आणि खाली दप्तराचे ओरखडे कायमचे असत. रंग दर दोन वर्षांनी द्यावा लागे आणि दोन महिन्यांत तो पुन्हा होता तसाच दिसू लागे. भिंतीला लाकूड लावण्याचा विचार शोभेसाठी नव्हे, या पट्ट्यामुळे मनात आला.

हे काम आमच्या घरात दोनदा झाले. पहिल्यांदा ते फसले आणि ज्यांना असे काम करायचे आहे त्यांना त्या फसण्याचाच अधिक उपयोग होईल, म्हणून आधी ते सांगते.

२०२१ च्या मार्चमध्ये एका कंत्राटदाराकडून आम्ही दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे), वर सनमायका असलेले, उभ्या पन्हळींचे तयार पॅनल लावून घेतले. काम दोन दिवसांत संपले. पॅनल थेट भिंतीवर चिकटद्रव्य लावून आणि खिळे ठोकून बसवले होते. मागे पट्ट्या नव्हत्या, हवेला वाट नव्हती आणि खालची कड फरशीला टेकलेली होती. डाव्या भिंतीच्या पलीकडे, साधारण तीन फुटांच्या भागात, न्हाणीघर आहे. याचा विचार आम्हीही केला नाही आणि काम करणाऱ्यांनीही विचारले नाही. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात, २०२२ च्या जुलैमध्ये, न्हाणीघराच्या बाजूचा खालचा भाग फुगल्यासारखा दिसू लागला आणि देवडीत शिरताच बंद पेटीतल्या ओल्या कापडासारखा वास येऊ लागला. एके दिवशी मी केरसुणी बाजूला ठेवून त्या फुगीर जागेवर बोट टेकवले, तर सनमायका कागदासारखा आत गेला. मागे एमडीएफ उरलेच नव्हते. पॅनल उचकटले तेव्हा भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या जमिनीपासून तीन फुटांपर्यंत चढलेल्या होत्या आणि प्लास्टरला पांढरा लोणा आला होता. सर्वांत वाईट वाटले ते हे की, हे सारे एका गुळगुळीत, सुंदर दिसणाऱ्या पृष्ठभागामागे किती महिने चालले होते, ते कोणालाच कळले नव्हते. उघड्या भिंतीवर ओल दिसते, पोपडे दिसतात, वाळवीची नळी दिसली तर त्याच दिवशी झाडता येते. भिंत झाकली की ही सगळी लक्षणेही झाकली जातात. म्हणून लाकूड निवडण्याच्या आधी भिंत पाहावी, हे आता मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

भिंत पाहण्याची एक साधी रीत आहे आणि ती भर पावसाळ्यातच करावी. दोन फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बंद करावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ते खोलीतल्या हवेतले पाणी आहे. आमच्याकडे थेंब आत होते. न्हाणीघरातल्या फरशीच्या सांध्यांमधली सिमेंट निघून गेली होती आणि नळाच्या जोडातून थेंब थेंब पाणी भिंतीत मुरत होते. आधी ते दुरुस्त केले. मग देवडीच्या बाजूचे लोणा लागलेले प्लास्टर, ओल दिसत होती त्याच्याही एक फूट वरपर्यंत, फोडून काढले, विटा उघड्या ठेवून सुकू दिल्या आणि नंतर जलरोधक द्रव्य मिसळून नवे प्लास्टर केले. लोणा म्हणजे विटांमधले आणि मातीतले क्षार. पाणी त्यांना विरघळवून पृष्ठभागावर आणते आणि पाणी उडून गेले की ते तेथेच साचतात. त्यावर नुसता रंग दिला तर तो पुढच्या पावसाळ्यात पापडासारखा सुटतो, म्हणून मूळ पाणी थांबवल्याशिवाय वरून काहीही करण्यात अर्थ नाही.

वाळवीसाठी भिंत आणि फरशी जेथे मिळतात त्या रेषेवर सुमारे एक-एक फुटाच्या अंतराने १२ मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडून त्यांत औषध सोडतात आणि छिद्रे बुजवतात. तयार इमारतींसाठीच्या भारतीय मानकातही हीच रीत सांगितली आहे. काम करणारे लोक पुष्कळदा भिंतीवर वरवर फवारणी करून निघून जातात. छिद्रे पाडायला सांगावे आणि ती मोजून घ्यावी. तळमजल्यावर राहणाऱ्याने हा खर्च टाळू नये.

एवढे करूनही मी लगेच लाकूड लावू दिले नाही. २०२३ चा पूर्ण पावसाळा ती भिंत उघडी ठेवली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर महिन्याला प्लास्टिकचा तुकडा लावून पाहिला आणि चारही वेळा आतली बाजू कोरडी निघाली, तेव्हाच सुतारांना बोलावले. येणारे-जाणारे त्या बोडक्या भिंतीकडे पाहून विचारत असत, पण त्या चार महिन्यांइतका उपयोगी वेळ या सगळ्या कामात दुसरा गेला नाही.

आता लाकडाविषयी. बाजारात मिळणाऱ्या गोष्टी मी बऱ्याच पाहिल्या. एमडीएफचा अनुभव सांगितलाच आहे. कोरड्या, वरच्या मजल्यावरच्या घरात ते ठीक असेल, पण फरशीवर रोज पोछा फिरतो अशा ठिकाणी त्याची खालची कड पाणी ओढून घेते आणि एकदा फुगलेले एमडीएफ पुन्हा बसत नाही. पीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) आणि डब्ल्यूपीसीच्या (प्लास्टिक व लाकडाच्या भुशाच्या) पन्हळींना ओलीची व वाळवीची भीती नाही आणि ज्यांची भिंत दुरुस्त होण्यासारखी नाही त्यांनी तेच घ्यावे. मात्र नागपुरात मे-जूनमध्ये वावटळीबरोबर जी धूळ घरात येते ती त्या पन्हळींमध्ये बसते आणि दाराच्या लगत असलेल्या भिंतीवर रोज ओले फडके घेऊन एकेक पन्हळ पुसणे कोणाच्याच घरी होत नाही. प्लायवूडवर विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवणे हा चांगला पर्याय आहे. त्यासाठी प्लाय घेताना फळीवरचा शिक्का वाचावा: साध्या प्लायवर आयएस ३०३ असते आणि उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या मरीन प्लायवर आयएस ७१०. पण विनिअरचा वरचा थर फार पातळ असतो. दप्तराच्या बकलाने एकदा खोल ओरखडा पडला की खालचे प्लाय दिसते आणि तो घासून काढता येत नाही. अस्सल लाकूड घासता येते. जी भिंत रोज हात, दप्तर आणि ओल्या छत्र्या सोसणार आहे तिच्यासाठी मला हा मुद्दा निर्णायक वाटला.

शिवाय आपण ज्या प्रदेशात राहतो तेथे सागवानाचा विचार न करणे मला जमले नसते. ज्याला देशभरातले लाकडाचे व्यापारी अजूनही सीपी टीक म्हणतात, त्यातले सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, १८६१ मध्ये स्थापन झालेला मध्य प्रांत, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. सागवानासाठी नावाजलेली आलापल्ली आणि बल्लारपूर ही नावे लाकूडकाम करणाऱ्याच्या तोंडी एखाद्या तीर्थक्षेत्रासारखी येतात. २०२३ च्या मे महिन्यात उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनाचे सागवान नागपूरहून गेले आणि त्याच वर्षी अयोध्येतल्या मंदिरासाठी चंद्रपूरचे सागवान पाठवले गेले. आपल्या घराची भिंत त्या पंक्तीत बसणारी नाही, पण लाकूड तेच आहे आणि ते आपल्याला लकडगंजात, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारात, जाऊन, हाताने उचलून, वास घेऊन निवडता येते. ही सोय मुंबई-पुण्याच्या माणसाला सहज मिळत नाही.

लकडगंजात जाताना सुतारांना बरोबर न्यावे. आमचे मिस्त्री साठीच्या आसपासचे, वडिलांपासून हे काम करत आलेले आहेत. त्यांनी एका आरा मशीनवर फळ्यांची थप्पी अर्धा तास उलटून पाहिली. ते फळीचे टोक डोळ्यांसमोर धरून ती सरळ आहे की पिळलेली, हे पाहत आणि नंतर कडेला बोटाने एक रेघ ओढून दाखवत: येथपर्यंत सोनेरी तपकिरी, तो गाभा, येथून पुढे पांढरट, ते बाहेरचे लाकूड. सागवानाला वाळवी लागत नाही असे आपण म्हणतो, ते फक्त गाभ्याच्या लाकडाला लागू आहे, कारण त्यात कीड दूर ठेवणारी नैसर्गिक द्रव्ये असतात. पांढऱ्या भागाला वाळवी इतर लाकडाइतक्याच आनंदाने खाते आणि गडद पॉलिश चढवले की तो पांढरा भाग ओळखू येत नाही. म्हणूनच लाकूड पॉलिश होण्याआधी, कोरे असताना पाहावे. आयात केलेले सागवानही तेथे मिळते व ते स्वस्त असते. ते वाईट असतेच असे नाही, पण विकणाऱ्याने कोठले आहे ते सांगितले पाहिजे आणि पक्के बिल दिले पाहिजे.

किती लाकूड लागेल याचा हिशेब आधीच करून गेल्याने फायदा झाला. पॅनल छतापर्यंत न्यायचे नाही, हे ठरले होते. जमिनीपासून ४२ इंच, म्हणजे हात टेकतो त्याच्या थोडे वर, इतकी उंची घेतली. त्यातली खालची चार इंच कोटा दगडाच्या फरशीची स्कर्टिंग आहे आणि ती आम्ही काढली नाही, कारण पोछ्याचे पाणी दगडाने सोसावे, लाकडाने नव्हे. उरली ३८ इंच. सात फूट लांबीला ते सुमारे २२ चौरस फूट होतात. आरा मशीनवरून पाऊण इंच जाडीच्या फळ्या घ्यायच्या आणि रंधा मारून त्या अर्ध्या इंचावर आणायच्या, म्हणजे सुमारे १.४ घनफूट, त्यात तूट-घट पाव हिस्सा आणि वरच्या कडेला लावायची आडवी फळी धरली की दोन घनफूट. दुकानदाराने आधी चार घनफूट सांगितले होते.

एकच भिंत घ्यायची, हेही जाडीच्या हिशेबातूनच ठरले. मागची पट्टी अर्धा इंच आणि फळी अर्धा इंच, असे एका बाजूला एक इंच जाते. चार फुटांच्या देवडीत दोन्ही बाजू आणि दोन्ही बाजूंच्या कडा धरल्या तर सामान घेऊन आत येणाऱ्या माणसाचे कोपर लागू लागते. उजव्या भिंतीवर विजेच्या एमसीबीची, म्हणजे बिघाडात आपोआप पडणाऱ्या बटणांची, पेटी आहे आणि दार त्याच भिंतीवर उघडते, म्हणून ती मोकळी सोडली. एमसीबीची पेटी शोभेसाठी लाकडाआड लपवलेली मी काही घरांत पाहिली आहे. अडचणीच्या वेळी अंधारात तिचे दार शोधावे लागेल, याचा विचार करणाऱ्याने तसे कधीही करू नये. डाव्या भिंतीवर खाली एक प्लग होता. त्याची पेटी विजेच्या मिस्त्रींकडून एक इंच पुढे आणून घेतली, म्हणजे तारांचे जोड लाकडाच्या पोकळीत न राहता पेटीतच राहिले.

सागवानाच्या फळ्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरी आल्या आणि तीन आठवडे बैठकीच्या खोलीत, प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये लहान पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवल्या. हे कशासाठी, असे मी विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "ताई, लाकडाले थोडी जागा द्याच लागते. नाही देल्ली तं ते सोताच करून घेते."

त्यांच्या या वाक्याचा अर्थ नागपूरच्या हवेत राहणाऱ्याने नीट समजून घेतला पाहिजे. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ओलावा घेतला की ते रुंदीत फुगते, सोडला की आकसते. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि जुलै-ऑगस्टच्या सकाळी तीच ८० टक्क्यांच्या वर असते. इतका मोठा पल्ला कोकणात नाही. तेथे लाकूड वर्षभर जवळजवळ सारख्याच दमट हवेत राहते. आपल्याकडच्या या फरकाने चार इंच रुंद सागवानी फळी साधारण एक मिलिमीटर हलते. एक मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण सात फुटांत अशा एकवीस फळ्या बसतात आणि एकमेकींना घट्ट भिडवल्या तर एकवीस मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाहून थोडे अधिक, एवढे लाकूड पावसाळ्यात जागा शोधू लागते. मेमध्ये घट्ट बसवलेले पॅनल जुलैत भिंतीपासून पोट काढून पुढे येते ते यामुळे. उलट ऑगस्टमध्ये घट्ट बसवले तर नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, फटी पडतात. म्हणून दिवाळीनंतरचा काळ चांगला, कारण तेव्हा लाकूड दोन्ही टोकांच्या मधोमध असते.

यात नागपूरची आणखी एक गोष्ट आहे आणि ती कोणत्याही तयार माहितीत मला सापडली नाही. आपण उन्हाळ्यात कूलर लावतो. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असते आणि घरात मात्र कूलरची दमट हवा रात्रभर फिरत असते. आमचा कूलर बैठकीच्या खिडकीत आहे व त्याचा झोत देवडीतूनच बाहेर पडतो. म्हणजे मे महिन्यात त्या फळ्या रात्री ओलावा घेतात आणि दुपारी, कूलर बंद असताना, तो सोडतात. मिस्त्रींनी हे ऐकून घेतले, कूलरची जागा स्वतः पाहिली आणि दोन फळ्यांमधली फट अर्धा सूत ठेवायचे ठरवले. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे अर्धा सूत साधारण दीड मिलिमीटर. प्रत्येक फळीच्या एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच केली होती, त्यामुळे फट असूनही मागची भिंत दिसत नाही आणि पुढच्या बाजूला दोन्ही कडा रंध्याने किंचित तिरप्या केल्यामुळे ती फट मुद्दाम ठेवलेल्या बारीक चरीसारखी दिसते. जुन्या दारांवरही अशीच चर असते आणि मला ती पन्हळींच्या गजबजाटापेक्षा फार अधिक आवडते.

बसवण्याचे काम चार दिवस चालले. मागे तीन आडव्या पट्ट्या, त्याही सागवानाच्याच, भिंतीत गिट्ट्या बसवून स्क्रूने आवळल्या. पट्ट्या सलग न ठेवता प्रत्येकीचे तीन तुकडे करून मध्ये एक-एक इंच जागा सोडली, खाली स्कर्टिंगच्या वर दोन सूत आणि वरच्या आडव्या फळीच्या खाली तेवढीच फट ठेवली. म्हणजे हवा खालून शिरून मागून वर जाते. भिंत वाटते तितकी सरळ नव्हती. ओळंबा लावला तेव्हा दाराकडच्या बाजूला ती तीन सूत आत होती, तेथे पट्टीमागे पातळ तुकडे घालून ती पातळी सारखी केली. प्रत्येक फळी फक्त जिभेच्या बाजूने, तिरप्या खिळ्याने पट्टीला बांधली आहे. दुसरी कड खाचेत मोकळी सरकते. फेविकॉल फळीला कोठेही लावला नाही. तरुण मदतनीस सवयीने डबा उघडून बसला होता आणि मिस्त्रींनी तो त्याच्याकडून काढून घेतला. खिळे स्टेनलेस स्टीलचे वापरले, कारण साध्या लोखंडाभोवती ओलीने सागवानावर काळे डाग उमटतात.

पॉलिश कोणते करावे, याबाबत प्रत्येकाचे मत वेगळे होते, म्हणून एक-एक फुटाचे तीन तुकडे तीन प्रकारे तयार करून पंधरा दिवस देवडीतच टांगले. पहिल्यावर लाखेचे फ्रेंच पॉलिश होते. ते दिसायला अतिशय सुरेख होते, पण ओली छत्री एक संध्याकाळ टेकली आणि पांढरा वळ उमटला. दुसऱ्यावर मॅट पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे बिनचकाकीचे पॉलिश, होते. त्याला पाण्याने काहीही झाले नाही, फक्त ओरखडा पडल्यास सबंध भाग घासून पुन्हा फवारावा लागतो आणि ते घरी जमत नाही. तिसऱ्यावर उकळलेले जवसाचे तेल होते. पहिला आठवडाभर त्यावर धूळ चिकटत होती, पण नंतर ते वाळले आणि लाकडाचा रंग मधासारखा झाला. त्यावर किल्लीने मुद्दाम ओढलेला ओरखडा बारीक कागदाने घासून, तेलाचा बोळा फिरवल्यावर दहा मिनिटांत नाहीसा झाला. मी तेल निवडले. जवस तर आपल्या विदर्भाचेच पीक आहे. सासूबाईंना जवसाची चटणी आठवली आणि त्यांनी तो वास लगेच ओळखला. तेलाने लाकडातला ओलावा फारसा अडत नाही हे खरे. त्यासाठीच अर्ध्या सुताची फट आहे. तेल फळीच्या पुढे, मागे, कडांना आणि टोकांना, सगळीकडे लावावे. पुढेच लावले तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओलावा घेतात आणि फळी वाटीसारखी वाकते.

एक सूचना येथे गांभीर्याने करते. जवसाच्या तेलात भिजलेला बोळा चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. हे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि कापडाच्या गोळ्यात ती साठून कापड आपोआप पेट घेऊ शकते. बोळे उलगडून मोकळ्या जागेत वाळत घालावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

वरच्या आडव्या फळीची रुंदी मात्र कोणत्याही नियमाने ठरली नाही. मिस्त्री अडीच इंच म्हणत होते. आमच्या मुलाचा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले मिरवतात तो, लाकडी बैल वर्षभर कपाटावर धूळ खात असे आणि त्याला देवडीत जागा हवी होती. हा बैल वीतभर उंच आहे, खाली चार चाकांची पाटी आहे. मुलाने तो आणून फळीवर ठेवला, चाकांमधले अंतर मोजले तर साडेतीन इंच भरले. म्हणून वरची फळी चार इंच केली आणि बैल घरंगळू नये म्हणून तिच्या पुढच्या कडेला दोन सुतांचा उठाव ठेवला. पोळ्याच्या आधी असे बैल करण्यात सुतारांचे हात गुंतलेले असतात हे मला ठाऊक होते. आमच्या मिस्त्रींनी तो बैल हातात घेऊन उलटा केला, चाकाचा आस पाहिला आणि एक सैल झालेली खुंटी न सांगता ठोकून दिली.

फळ्यांच्या वरची भिंत पांढऱ्याकडे झुकणाऱ्या रंगाची ठेवली. देवडीत दाराच्या वरच्या झरोक्यातूनच उजेड येतो. गडद अक्रोडी रंगाचा हट्ट काही पाहुण्यांनी धरला होता, पण त्याने ती जागा आणखी अंधारी झाली असती. उभ्या फळ्यांमुळे छत थोडे उंच वाटते, हेही खरे. खुंट्यांची एक पट्टी आडव्या फळीच्या वर, भिंतीत वेगळी बसवली आहे. दप्तराचे वजन फळ्यांवर येऊ नये, हा त्यामागचा विचार.

आता दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे झाले आहेत. मी दर महिन्याला सहाव्या आणि सातव्या फळीमधली फट पोस्टकार्डाने पाहते. फळ्या बसवल्या तेव्हा काही पोस्टकार्डे एकावर एक ठेवून त्यात बसत. यंदाच्या नवतपात त्याहून अधिक गेली आणि ऑगस्टमध्ये एकच पोस्टकार्ड थोडा जोर लावून आत गेले. म्हणजे अर्ध्या सुताचा अंदाज बरोबर निघाला. हाताचा पट्टा फळ्यांवरही उमटतो आहे, फक्त लाकडावर तो डाग न वाटता झिलई वाटतो. न्हाणीघराकडची बाजू पावसाळ्यात प्लगची झाकणपट्टी काढून विजेरीने मागे पाहता येते आणि दोन्ही वर्षी ती कोरडी होती.

एक फळी चुकली आहे. दाराच्या चौकटीलगतची एकविसावी फळी रुंदीला कापून बसवावी लागली आणि तिची मोकळी कड झाकण्यासाठी जी बारीक पट्टी लावली, ती मदतनिसाने चौकटीऐवजी फळीतच ठोकली. दोन्ही बाजूंनी जखडलेल्या त्या फळीला यंदाच्या मेमध्ये खालून नऊ इंच उभी चीर गेली. मिस्त्री येऊन पाहून गेले. पट्टी सोडवून ती चौकटीला मारायची आणि फळी बदलायची, असे ठरले आहे, पण ते काम दिवाळीनंतरच करायचे, आता ओलीत नाही. त्यासाठी त्याच लाकडातला राखून ठेवलेला एक तुकडा बैठकीच्या खोलीत पट्ट्यांवर रचून ठेवला आहे.